पोटाचं अस्तर

माझे काका शिंपी होते, पण अख्खा कोट त्यांनी आयुष्यात फार तर दहा-बारा वेळा शिवला असेल. त्यांचं काम अस्तराचं. मोठ्या टेलरिंगच्या दुकानात कापणारा एक, बाह्या लावणारा दुसरा, काजं करणारा तिसरा अशी वाटणी असते. काका खिडकीजवळच्या टेबलाशी बसत, तयार होत आलेला कोट उलटा करत आणि आतून त्याला रेशमी कापड लावत. "मास्तर, आतलं कोण बघतंय? लवकर उरका," असं एखादं घाईतलं गिऱ्हाईक म्हणालं, तर मान वर न करता म्हणत, "ज्याला टोचतं तो बघतो."

अस्तर बरोबर कोटाच्या मापाचं कापलं तर ते टिकत नाही, असं ते मला सांगायचे. माणूस हात वर करतो, वाकतो, खांदे उडवतो. वरचं लोकरीचं कापड थोडं सरकून घेतं, आतलं घेत नाही. म्हणून पाठीत एक सैल घडी ठेवायची आणि तळाशी अर्धा इंच जास्त सोडायचं. ही घडी विसरलात तर पहिल्याच जोरदार शिंकेला टाके उसवतात.

त्यांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "एक मुलगी बघितली होती. ती म्हणाली, विचार करून सांगते. अजून करतेय." ते आणि आजी दोघं जुन्या घराच्या दोन खोल्यांत राहत. आई, बाबा आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला. बसने चाळीस मिनिटं. अंतर एवढंच होतं, पण आजी आमच्याकडे वर्षातून एकदा आली तरी खूप. आली तरी माझ्या आईच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. पिशवीत स्वतःची बाटली घेऊन यायची.

कारण मला लहानपणीच कळलं होतं. माझी एक आत्या होती, बाबा आणि काकांच्या पाठची, पंधरा वर्षांची. मी चार महिन्यांची असताना ती पोटदुखीने गेली. आजी तेव्हा तिच्या आजारी बहिणीकडे परगावी गेली होती, बाबा कामासाठी बाहेरगावी. आम्ही सगळे तेव्हा जुन्या घरातच राहत होतो. घरात आई, मी, आत्या आणि काका. "पोरगी दिवसभर तळमळत होती आणि तुझ्या आईनं डॉक्टर बोलावला नाही. झोपू दे म्हणाली." आजीने मला हे इतक्यांदा सांगितलं होतं की मला ते पाढ्यासारखं पाठ होतं. एकदा, दहा-अकरा वर्षांची असताना, मी आईला विचारलं, "खरं आहे का हे?" ती कणीक मळत होती. म्हणाली, "डॉक्टर आला नव्हता, हे खरं आहे." आणि पुन्हा कणीक मळायला लागली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "जाऊ दे, जुनं कशाला उकरतेस." आमच्या घरात हे "जाऊ दे" एखाद्या जड कपाटासारखं होतं. कुणी ते हलवत नव्हतं आणि सगळे त्याला वळसा घालून चालत.

आजी गेली त्यानंतर तीन वर्षांनी काकांच्या दुकानात एक बाई आल्या. साठीच्या, उंच, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायच्या. कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या होत्या. काकांच्या टेबलावर एक कोट उलटा पडला होता, अर्धं अस्तर लावलेलं, अर्धं टाचण्यांवर. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही पोट शिवाल का?"

काका म्हणाले, "ते डॉक्टरांचं काम. मी कोट शिवतो."

बाई हसल्या आणि स्टूल ओढून बसल्या. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याला उदरावरण म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. तो पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला असतो. तोच पुढे वळतो आणि जठर, आतडी, यकृत यांना बाहेरून गुंडाळतो. पडदा एकच, कुठेही तुटलेला नाही, पण दुमडून दुमडून त्याच्या इतक्या घड्या होतात की पोरं गोंधळतात. दरवर्षी दीडशे मुलं, आणि त्यातल्या दहांना तो कळतो. प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये आतडी दिसतात, पडदा दिसतच नाही. कापडाचं करता आलं तर हात घालून बघता येईल.

"चित्रं मी देते," त्या म्हणाल्या.

"चित्रं नकोत बाई. मापं द्या."

मापं ऐकून काका खूश झाले. लहान आतडं पोटाच्या मागच्या भिंतीला ज्या घडीने टांगलेलं असतं, ती घडी भिंतीपाशी जेमतेम वीतभर लांब आणि आतड्याच्या बाजूला वीस फूट. "म्हणजे झालरच की!" काका त्या रविवारी आमच्याकडे येऊन सांगत होते. "वीतभर कापडावर वीस फुटांची झालर. ज्यानं कुणी हे कापलं ना वहिनी, त्याच्या हाताखाली मी फुकट काम केलं असतं." आई हसली. ते दर रविवारी येत, आजी असतानाही येत. आईशी त्यांचं बोलणं भाजी, गॅस, हवा इतपतच. आई त्यांच्याशी नीट वागायची. मी तेव्हा समजत होते की दीर-भावजयीचं नातं असंच असतं, जरा जपून.

पहिली दोन पोटं फसली. पहिल्यात झालर इतकी घट्ट झाली की आतडं कोंबडीच्या मानेसारखं ताठ उभं राहिलं. दुसऱ्यात पुढचा पदर आखूड पडला. जठरापासून खाली आतड्यांवर चरबीचा एक पदर एप्रनसारखा लोंबतो, तो. काका बाईंना म्हणाले, "एकदा खरं दाखवा, नाहीतर हे जमायचं नाही." बाईंनी परवानगी काढली आणि एका सकाळी त्यांना शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये नेलं. तिथला वास काकांच्या शर्टाला दोन दिवस येत होता. देहदान केलेल्या एका म्हाताऱ्या माणसाचं पोट उघडलेलं होतं. बाईंनी हातमोजे दिले. काकांनी तो पडदा दोन बोटांत धरला. नंतर मला म्हणाले, "इतकं तलम कापड मी कधी धरलं नाही गं. आणि त्यात एवढा भार तोललेला. मी मनातल्या मनात त्या माणसाला नमस्कार केला. म्हटलं, माफ करा, माप घेतोय."

तिसरं पोट जमलं. भिंतीला पिवळट सॅटिन, आतड्यांना गुलाबी सुती नळी, पडद्याला जुन्या साडीचं पातळ रेशीम, पुढे चेन. चेन उघडली की पदर, पदर उचलला की आतडी, आतडी बाजूला सारली की मागची भिंत. बाईंनी दुकानातच टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "मंगळवारी वर्गात दाखवणार आहे. तुम्ही यायचंच."

काका एकटे जायला लाजत होते, म्हणून मी रजा काढून बरोबर गेले. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात मांडीवर, शाळेत बसल्यासारखे. बाईंनी त्यांची ओळख करून दिली तेव्हा सगळा वर्ग वळून बघायला लागला आणि काकांचे कान लाल झाले. मग बाई शिकवू लागल्या.

"हा पडदा आतड्यावर असतो तेव्हा मुका असतो," त्या म्हणाल्या. "त्याला नीट सांगता येत नाही कुठे दुखतंय. म्हणून अपेंडिक्स सुजलं की पेशंट पहिल्यांदा बेंबीभोवती हात फिरवतो. मग सूज भिंतीच्या पडद्याला टेकते. हा मुका नाही, हा बोट ठेवून सांगतो. दुखणं उजवीकडे खाली सरकतं." त्यांनी काकांनी शिवलेल्या पोटात हात घालून गुलाबी नळीचं टोक बाहेर काढलं, करंगळीएवढं. "आणि आता हे लक्षात ठेवा. काही वेळा दुखणं एकदम कमी होतं. पेशंट म्हणतो, बरं वाटतंय. घरचे खूश. तुम्ही खूश होऊ नका. ते फुटलेलं असू शकतं. आतला ताण गेला म्हणून बरं वाटतं, आणि पू पडद्याच्या घड्यांत पसरत असतो. काही तासांनी पोट लाकडासारखं कडक होतं. मधले ते जे तास असतात ना, ते आपले. तेवढ्यात पोट उघडलं तर माणूस बहुतेक वाचतो."

मुलं लिहून घेत होती. मी काकांकडे बघितलं. ते त्या करंगळीएवढ्या टोकाकडे बघत होते. ते त्यांनीच शिवलं होतं, मागच्या आठवड्यात, रेडिओ ऐकत.

वर्ग सुटल्यावर बाई आनंदाने आमच्याकडे आल्या. काकांनी विचारलं, "तीसेक वर्षांपूर्वीही वाचला असता का? माणूस?"

"तीस? त्याच्या कितीतरी आधीपासून हे ऑपरेशन होतंय. का हो?"

"सहज," काका म्हणाले.

बसमध्ये ते तिकिटाच्या घड्या घालत बसले. मला वाटलं आत्याची आठवण आली असेल. आलीच होती, पण मला वाटलं तशी नव्हे. दुसऱ्या एका कॉलेजाने अशीच तीन पोटं मागितली होती. बाईंनी निरोपावर निरोप धाडले. काका दुकानातच जाईनात. पुढचा रविवार चुकला, त्याच्या पुढचाही. आई म्हणाली, "फोन कर गं, तब्येत बरी आहे ना बघ." आणि मग एका बुधवारी, भर दुपारी, ते दारात उभे राहिले.

आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा पेन्शनच्या कामाला गेले होते. काका बसले नाहीत.

"वहिनी, त्या दिवशी मी डॉक्टरकडे गेलोच नव्हतो."

आईचे हात थांबले. मी उठून स्वयंपाकघरात जायला लागले तर काका म्हणाले, "थांब. तूही ऐक. तुझ्यासमोर आईला बोल लावलेत तुझ्या आजीनं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी आत्याच्या बेंबीभोवती दुखायला लागलं होतं. सकाळी दुखणं खाली उजवीकडे आलं. आईच्या कडेवर मी, तापलेली. आई काकांना म्हणाली होती, "भाऊजी, आधी डॉक्टरांना घेऊन या, मग दुकानात जा." काका निघाले. दवाखान्याबाहेर वीस माणसं बसलेली. बावीस वर्षांचे होते, दुकानात नवे. एका लग्नाचा कोट दुपारपर्यंत द्यायचा होता. मनात म्हणाले, पोटच तर दुखतंय, काहीबाही खाल्लं असेल. ते दुकानात गेले. दुपारी जेवायला घरी आले तर आत्या भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "भाऊ, आता दुखत नाही. चहा दे." काकांच्या जिवात जीव आला. आईने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" आणि काका म्हणाले, "सांगितलं मी त्यांना. झोपू दे म्हणाले, उतरेल."

"मी म्हणालो झोपू दे," काका म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात. मी म्हणालो, डॉक्टरांच्या नावावर."

संध्याकाळी पोट कडक झालं. हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. आजी आली, तिने पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर का नाही आणलात?" आई रडत "झोपू दे म्हणाले होते" एवढंच बोलू शकली, ते कुणी म्हणालं हे काकांनी सांगितलं नाही, आणि खापर फुटलं ते माझ्या आईच्या डोक्यावर, कारण घरात मोठी तीच होती आणि परक्या घरून आलेलीही तीच.

"इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो," काका म्हणाले, "की डॉक्टर आला असता तरी हेच म्हणाला असता. तिला स्वतःलाच बरं वाटत होतं ना. तिच्या नशिबात नव्हतं. एवढ्यावर मी झोपत होतो वहिनी. त्या बाईंनी सांगितलं, तेच तास होते म्हणून. ती चहा मागत होती, तेच तास."

आईने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली, मग पुन्हा मोडली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

काका भिंतीला टेकले.

"महिन्याभरानं हिला टोचायला घेऊन गेले होते दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, तुमच्या घरून कुणी आलंच नव्हतं. घरी आले तेव्हा तुम्ही जेवत होतात. आई तुम्हाला वाढत होत्या. मी म्हटलं, आज सांगतील. मग म्हटलं, चार दिवसांनी सांगतील. लहान आहेत, हिंमत होत नसेल. मी वाट बघत होते भाऊजी. वर्षभर तरी बघत होते."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"कुणाला? आईंना?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्यांची एक मुलगी गेली होती. मी तुमचं नाव घेतलं असतं तर मुलगाही गेला असता. आणि मी सांगून खरं कुणाला वाटलं असतं? सून आपलं पाप दिराच्या अंगावर ढकलते, असंच म्हणाले असते सगळे. ते तुम्हीच सांगायला हवं होतं."

"चुकलं माझं," काका म्हणाले. ते रडत होते.

"तेव्हाचं मी सोडून देते. बावीस वर्षांचं पोर, घाबरलं. पण आई हॉस्पिटलात होत्या शेवटी, आठवतं? मी चमच्यानं पाणी पाजायला गेले आणि त्यांनी तोंड फिरवलं. ओठ कोरडे पडलेले, तरी फिरवलं. तुम्ही तिथे खाटेच्या पायाशी उभे होतात. तुम्ही माझ्या हातातला चमचा घेतलात आणि तुम्ही पाजलंत. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं भाऊजी. त्या ऐकत होत्या तोवर."

आई उठली, पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "माफ केलं असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. मला ते येत नाही अजून. चहा टाकते, तो घेऊन जा."

त्यांनी चहा घेतला. कप विसळून ठेवला आणि गेले.

रात्री आईने बाबांना सगळं सांगितलं. बाबा सवयीने म्हणाले, "जाऊ दे." आई ताटावरून उठून गेली. बाबा दोन दिवस तिच्या मागे मागे फिरत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी विचारायला हवं होतं तुला." ती म्हणाली, "हो." त्या दोघांत या विषयावर माझ्यासमोर झालेलं बोलणं एवढंच.

काकांना मात्र स्वस्थ बसवेना. आजी हयात नव्हती. त्या दिवसाबद्दल आजीच्या तोंडून ऐकलेलं आणि अजून जिवंत असलेलं, आमच्या घराबाहेरचं माणूस एकच, आजीची धाकटी बहीण. आत्या गेली तेव्हा आजी हिच्याच उशाशी बसली होती. आता शहाऐंशी वर्षांची. ती माझ्या आईला समोरून कधी काही बोलली नव्हती, पण नात्यातल्या प्रत्येक घरी हे तिनेच पोचवलं होतं. काका मला म्हणाले, "मावशीला सांगायचंय. बरोबर येशील? मी एकटा गेलो तर जिन्यातूनच परत येईन. माझा तसा इतिहास आहे."

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायची. दार सताड उघडं, कारण बेल ऐकू यायची नाही. खुर्चीत बसून ती रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. काका समोर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि हळू आवाजात बोलले.

"काय?" मावशी म्हणाली.

"मी डॉक्टरकडे गेलो नव्हतो मावशी."

"बरं नाही का तुला? जा की मग डॉक्टरकडे."

काकांनी आवाज चढवला. "आत्ता नाही! बहीण गेली तेव्हा! वहिनींनी मला पाठवलं होतं, मी गेलो नाही!"

"कोण गेलं?"

"मी गेलो नाही!" काका आता ओरडत होते. "वहिनी म्हणाल्या होत्या डॉक्टर आणा! मी खोटं बोललो! वहिनींची काही चूक नव्हती!"

शेजारचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी कठड्यावर वाकलं. खालून जिना चढणारे दोघं पिशव्या घेऊन थांबले. मला वाटलं काका गप्प होतील. त्यांनी मागे वळून त्या सगळ्यांकडे बघितलं, मग पुन्हा मावशीकडे वळले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वीस माणसं, लग्नाचा कोट, चहा, झोपू दे. एकेक वाक्य ओरडून. ओरडून सांगताना सबबी सांगता येत नाहीत, तेवढा श्वास पुरत नाही.

मावशीला या वेळी समजलं. तिने काकांच्या हातावर हात ठेवला. "अरे मग हे ताईला सांग ना," ती म्हणाली. "ती उगाच त्या सुनेवर राग धरून बसलीय. जा, आजच सांग. ऐकेल ती."

काकांनी माझ्याकडे बघितलं. आजी गेल्याचं मावशीच्या लक्षातून गेलं होतं.

"सांगतो," काका म्हणाले.

पुढे महिन्याभराने ते दुकानात जाऊ लागले आणि राहिलेली तीन पोटं त्यांनी शिवून दिली. रविवारी येणं पुन्हा सुरू झालं. आई त्यांना चहा देते, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करते. एकदा त्यांच्या छातीत जरा जळजळलं तर रिक्षा बोलावून तिने स्वतः दवाखान्यात नेलं आणि डॉक्टर बघेपर्यंत दाराशी उभी राहिली. काका पूर्वीसारखे विनोद मात्र तिच्यासमोर करत नाहीत. सुरुवात करतात आणि अर्ध्यावर सोडतात.

मावशीकडून परतलो त्या दिवशी मी काकांना त्यांच्या घरी सोडून आले आणि आईला सगळं सांगितलं. "जा की मग डॉक्टरकडे" हे ऐकून ती हसली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. आजीबद्दलचं ऐकल्यावर मात्र तिचं हसू थांबलं. मी उठणार एवढ्यात तिने विचारलं, "जिन्यात किती माणसं होती?"

"पाच-सहा असतील. का गं?"

"सगळ्यांना ऐकू गेलं?"

"अख्ख्या इमारतीला गेलं असेल."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि गॅसवरचं दूध बघायला उठली.